गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेलं बाळ: काय पाजायचं, कोणत्या क्रमाने, आणि कुठे चुकतं

गाईचं दूध बंद करणं हा या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग. घोळ होतो तो त्याच्या आधी आणि नंतर. आधी, कारण अ‍ॅलर्जी कोणत्या प्रकारची आहे हे न बघताच दूध तोडलं जातं. नंतर, कारण बाळ जरा बरं दिसलं की "सापडलं एकदाचं कारण" म्हणून विषय मिटतो आणि पुन्हा दूध देऊन खात्री कुणी करत नाही. परिणाम दोन. काही बाळं अ‍ॅलर्जी नसताना वर्षभर खास फॉर्म्युल्यावर, म्हणजे डब्यातल्या पावडरच्या दुधावर, राहतात. आणि खरोखर अ‍ॅलर्जी असलेली काही बाळं लॅक्टोज-फ्री डब्यावर तशीच त्रास काढत बसतात.

खालचे टप्पे पहिल्या वर्षातल्या बाळांसाठी आहेत. क्रम मोडू नका. जिथे "डॉक्टरांबरोबर" असं लिहिलंय, तिथे त्याचा अर्थ तेवढाच आणि तसाच घ्या.

## सुरू करण्यापूर्वी: त्रास किती वेळाने होतो?

दुधातल्या प्रथिनांवर बाळाची प्रतिकारशक्ती उलटते, ती दोन तऱ्हांनी.

लगेच होणारी: दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर २ तासांत. अंगावर पित्तासारख्या गांधी उठतात, ओठ किंवा पापण्या सुजतात, एकदम उलटी होते, कधी खोकला, घरघर, धाप. यामागे आयजीई नावाची प्रतिद्रव्यं असतात, म्हणून डॉक्टर हिला आयजीई प्रकार म्हणतात.

उशिरा होणारी: २ तासांनंतर, बऱ्याचदा एक-दोन दिवसांनी, क्वचित ७२ तासांपर्यंत. शीत रक्ताचे धागे किंवा आव, सतत पातळ शी, न थांबणाऱ्या उलट्या, दूध घेताना कळवळून मान मागे टाकणं, औषधाने न आवरणारा इसब, वजन न वाढणं. इथे आयजीई नसतं, त्यामुळे रक्ताच्या तपासणीत काही सापडत नाही.

उशिराच्या प्रकारात एक उग्र रूपही आहे. दूध दिल्यानंतर १ ते ४ तासांनी बाळ एकामागून एक उलट्या करतं, पांढरंफटक पडतं, मान टाकतं. अंगावर पुरळ नसतं, म्हणून अ‍ॅलर्जीचा संशयही येत नाही आणि पोटाचा संसर्ग समजून उपचार होतात. डॉक्टर याला एफपीआयईएस म्हणतात. दूध दिल्यावर असं दोनदा झालं असेल तर तिसऱ्यांदा घरी दूध देऊन बघू नका.

तातडीचं: श्वास लागणं, घरघर, आवाज बसणं, जीभ सुजणं, बाळ अचानक ढिलं किंवा फिकट पडणं, यातलं काहीही दिसलं तर ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा. अ‍ॅड्रेनलिनचं पेन (अशा वेळी घरीच टोचायचं तयार इंजेक्शन) दिलेलं असेल तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला आधी ते द्या, फोन त्यानंतर. बाळाला आडवं ठेवा, उभं धरून फिरवू नका. श्वासाला फारच त्रास होत असेल तर मांडीवर जरा टेकवून धरा. अ‍ॅलर्जीचं पातळ औषध हा अ‍ॅड्रेनलिनचा पर्याय नाही.

आता लॅक्टोजचं. लॅक्टोज ही दुधातली साखर, आणि ही अ‍ॅलर्जी आहे दुधातल्या प्रथिनांची, म्हणजे मुख्यतः केसीन आणि व्हेची. लॅक्टोज-फ्री दुधात साखर काढलेली असते, प्रथिनं जशीच्या तशी असतात. जन्मतः लॅक्टोज न पचणारं बाळ फारच विरळा. जुलाबानंतर काही दिवस तात्पुरतं तसं होतं, ते वेगळं. या एका गल्लतीपायी बाळांचे महिनेच्या महिने जातात.

## टप्पा १: काहीही बंद करण्याआधी नोंदी

किमान तीन-चार दिवसांच्या नोंदी हव्यात. त्रास लगेच होणारा असेल किंवा बाळ खूप आजारी असेल तर नोंदींसाठी थांबू नका, सरळ डॉक्टरांकडे जा.

नोंदीत चार गोष्टी: काय आणि किती पाजलं, किती वाजता, त्रास काय झाला, किती वाजता. अंगावर पाजत असाल तर तुम्ही स्वतः काय खाल्लं तेही. चांगली नोंद अशी दिसते:

"मंगळवार, सकाळी ९:१०, फॉर्म्युला ९० मि.लि. ९:३० ला दोन्ही गालांवर आणि हनुवटीखाली लाल गांधी, एक मोठी उलटी. १०:१५ पर्यंत गांधी गेल्या. ताप नाही."

या चार ओळींवरून डॉक्टरांना अ‍ॅलर्जीचा प्रकार जवळपास कळतो. "दूध दिलं की त्रास होतो" या वाक्यावरून काहीच कळत नाही. पुरळाचे आणि शीचे फोटो काढा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत गांधी हमखास मावळलेल्या असतात.

तपासून पाहा: बाळ रडतं, दूध थोडं वर काढतं, पण वजन छान वाढतंय, शी नीट आहे, त्वचा स्वच्छ आहे? मग दुधावर संशय घेण्याआधी थांबा. तान्ह्या बाळांचं रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास शिगेला पोहोचतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपोआप उतरतं. नेमकं त्याच काळात दूध बदललं की श्रेय नव्या डब्याला जातं.

## टप्पा २: डॉक्टरांकडून काय ठरवून घ्यायचं

लगेच होणाऱ्या प्रकारात त्वचेवरची टोचणी-तपासणी किंवा रक्तातलं दुधाविरुद्धचं आयजीई बघतात. हे आकडे एकट्याने काही सिद्ध करत नाहीत. तपासणी सकारात्मक असूनही दूध व्यवस्थित पचवणारी बाळं असतात, म्हणून निदान लक्षणांशी जोडूनच होतं. उशिराच्या प्रकाराला अशी तपासणीच नाही. तिथे दूध बंद करून पुन्हा देणं हीच तपासणी. बाजारात "फूड इन्टॉलरन्स" नावाने मिळणाऱ्या आयजीजी (ही आयजीईहून वेगळी प्रतिद्रव्यं) चाचण्या, केसांच्या चाचण्या यांचा इथे काडीचा उपयोग नाही.

भेटीतून निघताना हे तुमच्या हातात असावं:

- प्रकार कोणता, लगेचचा की उशिराचा
- कोणतं दूध द्यायचं, त्याचं नेमकं नाव
- किती आठवडे बंद ठेवायचं, आणि पुन्हा देऊन बघण्याची तारीख
- ते पुन्हा देणं घरी करायचं की रुग्णालयात

तिसरा मुद्दा बहुतेक वेळा सुटतो. डॉक्टर विसरले तर तुम्ही विचारा आणि तारीख लिहून घ्या.

## टप्पा ३: दूध निवडणं

### अंगावर पाजत असाल

पाजणं बंद करू नका. बाळाला तुमच्या दुधाची अ‍ॅलर्जी नाही. तुम्ही खाल्लेल्या दुग्धजन्य पदार्थांतलं प्रथिन अगदी थोड्या प्रमाणात दुधात उतरतं, त्याची आहे. शिवाय केवळ अंगावर पिणाऱ्या बऱ्याच बाळांना त्याचाही त्रास होत नाही. फॉर्म्युल्याच्या पहिल्या बाटलीनंतर त्रास झाला आणि अंगावर पिताना कधीच झाला नसेल, तर आईने स्वतःचं दूध-दही सोडायचं कारण नाही. हा उपास आयांवर उगाचच लादला जातो.

निव्वळ अंगावर पितानाच त्रास होत असेल तर आईने २ ते ४ आठवडे दूध, दही, लोणी, तूप, चीज, पनीर, मलई, दूध पावडर आणि हे पदार्थ असलेलं सगळं पूर्ण बंद करायचं. "चहापुरतं" दूधसुद्धा नाही. अर्धवट बंद केलं तर चार आठवड्यांनी हाती काहीच निष्कर्ष येत नाही आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

या काळात आईला रोज सुमारे १००० मि.ग्रॅ. कॅल्शियम आणि १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, ड जीवनसत्त्व लागतं. आहारातून किती मिळतंय ते बघून गोळीचा डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या. गोळ्या दूध बंद केल्याच्या दिवसापासून सुरू करा, महिनाभराने पाठ दुखू लागल्यावर नव्हे.

### फॉर्म्युला देत असाल

पहिली निवड सहसा एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड फॉर्म्युला. यात गाईच्या दुधातलीच प्रथिनं इतकी बारीक तोडलेली असतात की प्रतिकारशक्तीला ती ओळखू येत नाहीत. अ‍ॅलर्जी असलेल्या दहापैकी नऊ बाळांना हा चालतो.

ज्यांना यावरही त्रास होतो, ज्यांना अ‍ॅनाफिलॅक्सिस (लगेच होणाऱ्या अ‍ॅलर्जीचा जिवावर बेतणारा झटका) झालेला आहे, किंवा ज्यांची वाढ बरीच खुंटलेली आहे, त्यांच्यासाठी अमिनो अ‍ॅसिड फॉर्म्युला. यात प्रथिनं नसतातच, त्यांचे सुटे घटक असतात. काही देशांत तांदळाच्या तोडलेल्या प्रथिनांपासून केलेला शिशु-फॉर्म्युलाही मिळतो. तो वेगळा, आणि दुकानातलं तांदळाचं दूध वेगळं.

बदल म्हणून काय द्यायचं नाही, ते नीट वाचा. बहुतेक चुका इथे होतात.

- "एचए" किंवा पार्शली हायड्रोलाइज्ड फॉर्म्युला: प्रथिनं अर्धवट तोडलेली. डब्यावरचं नाव अ‍ॅलर्जीला चालेल असं वाटायला लावतं, पण चालत नाही.
- लॅक्टोज-फ्री, "कम्फर्ट", उलटीसाठीचा घट्ट फॉर्म्युला: यात गाईचं प्रथिन असतंच.
- शेळी, मेंढी, म्हैस यांचं दूध: प्रथिनं इतकी सारखी की गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेक बाळांना याचाही त्रास होतो. "शेळीचं दूध हलकं असतं" हे इथे गैरलागू आहे.
- सोया फॉर्म्युला: ६ महिन्यांच्या आत नको. त्यानंतर डॉक्टर सुचवू शकतात, पण दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या काही बाळांना सोयाही सोसत नाही.
- बदाम, ओट, तांदूळ, नारळ यांची दुधं: एक वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून कधीही नाही. प्रथिनं आणि उष्मांक दोन्ही अपुरे पडतात.

सावधान: एका आठवड्यात तीन डबे बदलू नका. प्रत्येक दुधाला किमान दोन आठवडे द्या. याला अपवाद एकच: त्रास वाढला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

## टप्पा ४: नव्या दुधाची बाटली

हे दूध वासाला उग्र आणि चवीला कडवट असतं. स्वतः चाखून बघा, म्हणजे बाळाचं तोंड वाकडं का होतं ते कळेल. मात्र तुमचं वाकडं तोंड बाळाला दाखवू नका. तीन-चार महिन्यांच्या आतली बाळं सहसा कुरकुर न करता पितात. त्याहून मोठी हट्ट करतात.

हट्टी बाळासाठी, आणि फक्त उशिराच्या प्रकारात, डॉक्टरांच्या संमतीने जुनं-नवं मिसळून काही दिवसांत बदल करता येतो. पहिल्या दिवशी बाटलीत थोडं नवं, मग अर्धं, मग जास्त. दोन्ही दुधं आपापल्या मापाने, वेगवेगळी तयार करून मग एकत्र करा. दोन पावडरी कोरड्याच मिसळल्या तर पाण्याचं प्रमाण बिघडतं. लगेच होणाऱ्या प्रकारात मिसळणं पूर्ण वर्ज्य. तिथे पहिल्याच बाटलीपासून शंभर टक्के नवं दूध. बाळ सहा महिन्यांच्या पुढचं असेल तर झाकणाच्या कपातून देऊन बघा. वास कमी येतो.

करण्याची पद्धत:

१. बाटली, बूच, चमचा साबणाने घासून धुवा, मग उकळा. उकळल्याने जंतू मरतात, पण चिकटलेलं दुधाचं प्रथिन जात नाही. ते घासूनच निघतं. घरात दुसऱ्या मुलासाठी साधं दूध असेल तर बूच आणि ब्रश वेगळे ठेवा.

२. पाणी उकळा आणि अर्ध्या तासाच्या आत वापरा, म्हणजे ते ७० अंश सेल्सिअसच्या खाली जात नाही. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून एवढं गरम पाणी. ज्या डब्यात प्रोबायोटिक (पोटाला उपयोगी जिवंत जंतू) मिसळलेलं असतं त्याच्या सूचना वेगळ्या असतात. तिथे डबा वाचा आणि डॉक्टरांना विचारा.

३. आधी पाणी मोजा, मग पावडर टाका. उलट केलं तर पावडरीची जागा धरून पाणी कमी पडतं आणि दूध दाट होतं.

४. चमचा त्याच डब्यातला. सपाट करून, न दाबता. प्रत्येक कंपनीचा चमचा वेगळ्या मापाचा असतो. जुन्या डब्यातला "सवयीचा" चमचा नव्या डब्यात टाकणं ही नेहमीची चूक आहे.

५. बाटली वाहत्या गार पाण्याखाली धरून कोमट करा, मनगटावर थेंब टाकून बघा, पाजा. दूध केल्यापासून २ तासांच्या आत संपवा. उरलेलं फेकून द्या.

किती? पहिल्या काही महिन्यांत दर किलो वजनाला दिवसाला साधारण १५० मि.लि. पाच किलोच्या बाळाला ७५० मि.लि.च्या आसपास. हा अंदाज आहे, घड्याळ लावून संपवायचा कोटा नाही. दिवसातून सहा किंवा जास्त ओली लंगोटं आणि वाढतं वजन दिसत असेल तर बाळाला पुरतंय.

सावधान: बाळ पीत नाही म्हणून साखर किंवा मध घालू नका. मध तर एक वर्षाच्या आत कशातच नको; त्यातून बोटुलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते.

## टप्पा ५: दोन ते चार आठवडे वाट बघणं

या काळात काय होतं ते आधीच माहीत असलं की घाबरून मागे फिरायची वेळ येत नाही.

लगेच होणारा त्रास दूध थांबताच थांबतो. उलट्या आणि कळवळणं काही दिवसांत कमी होतं. शीतलं रक्त बऱ्याचदा आठवड्याभरात दिसेनासं होतं, कधी दोन आठवडे लागतात. इसब सर्वांत सावकाश, त्याला चार आठवडे द्या. त्वचेचं मलम चालूच ठेवा, दूध बदललं म्हणून मलम बंद करायचं नाही. वजन नंतर पकडतं.

हायड्रोलाइज्ड दुधावर शी हिरवट, पातळसर आणि वासाने उग्र होते. हे अपेक्षित आहे. अनेक जण हेच "नवं दूध सोसलं नाही" असं समजून डबा बदलतात. रक्त, आव किंवा पाण्यासारखे जुलाब मात्र अपेक्षित नाहीत.

चार आठवड्यांनी काहीच फरक नाही? दोन शक्यता. कुठूनतरी दूध पोटात जातंय, किंवा कारण दूध नव्हतंच. पहिली तपासा: औषधं, प्रोबायोटिकचे थेंब, बिस्किटाचा तुकडा, मोठ्या भावंडाने भरवलेला घास. ती नसेल तर नेहमीच्या आहारावर परत या आणि डॉक्टरांसोबत दुसरं कारण शोधा. हायड्रोलाइज्ड दुधावर थोडासाच फरक पडला असेल, तर अमिनो अ‍ॅसिडचं दूध देऊन बघायचं का, तेही त्यांनाच ठरवू द्या.

## टप्पा ६: पुन्हा देऊन खात्री

हा टप्पा गाळला तर निदान अपुरं राहतं. आई-बाबांना तो नको असतो, आणि ते समजण्यासारखं आहे: महिनाभराने बाळ शांत झोपतंय, आता मुद्दाम त्रास का द्यायचा? कारण बाळ दूध बंद केल्याने बरं झालं की वयाने, हे दुसऱ्या कुठल्याही मार्गाने कळत नाही. युरोपातल्या ९ देशांत सुमारे १२,००० बाळांवर जन्मापासून लक्ष ठेवलं गेलं, तेव्हा प्रत्यक्ष दूध देऊन सिद्ध झालेली अ‍ॅलर्जी पहिल्या दोन वर्षांत २०० पैकी जेमतेम एका बाळाला निघाली. संशय मात्र याच्या कितीतरी पट घेतला जातो.

घरी करू नका, जर: त्रास लगेच होणारा असेल, अ‍ॅनाफिलॅक्सिस झालेला असेल, एफपीआयईएसचा संशय असेल, किंवा इसब फार तीव्र असेल. या बाळांना पुन्हा दूध द्यायचं की नाही आणि कधी, ते तज्ज्ञ ठरवतात आणि ते रुग्णालयात होतं.

उशिराच्या, सौम्य ते मध्यम प्रकारात, डॉक्टरांनी सांगितल्यावर घरी:

*अंगावर पिणारं बाळ:* आईने आठवडाभर पूर्वीसारखं दूध-दही खायचं आणि नोंदी ठेवायच्या.

*फॉर्म्युला पिणारं बाळ:* दिवसाच्या पहिल्या बाटलीत पहिल्या दिवशी ३० मि.लि. साधा फॉर्म्युला, बाकी खास दूध. रोज ३० मि.लि. वाढवत जा, म्हणजे सहा-सात दिवसांत ती एक बाटली पूर्ण साध्या दुधाची होते. तोवर काही झालं नाही तर बाकीच्या बाटल्याही बदला. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं प्रमाण दिलं असेल तर तेच पाळा.

बाळाला सर्दी, ताप, जुलाब असताना सुरू करू नका. त्याच आठवड्यात नवा पदार्थ, लस किंवा नवं औषध येणार नाही असं बघा, नाहीतर दोष कुणाला द्यायचा ते कळत नाही.

जुनी लक्षणं परतली की थांबा आणि पुन्हा दूध बंद करा. ती ओसरली की निदान पक्कं. काहीच झालं नाही तर अ‍ॅलर्जी नाही. मग खास डबा "राहू दे अजून थोडे दिवस" म्हणून चालू ठेवू नका.

## टप्पा ७: वरचं अन्न, दुधाशिवाय

अ‍ॅलर्जी आहे म्हणून वरचं अन्न लांबवू नका. सहा महिन्यांच्या आसपास, आणि चार महिने पूर्ण होण्याआधी कधीच नाही, हा नियम या बाळांनाही तोच. एका वेळी एक नवा पदार्थ, सकाळी किंवा दुपारी, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येतं. लोह असलेले पदार्थ आधी.

भीतीपोटी अंडं आणि शेंगदाणाही वर्षभर टाळले जातात. तसं केल्याने संरक्षण मिळत नाही. उलट पहिल्या वर्षात नेमाने दिल्याने शेंगदाण्याची आणि अंड्याची अ‍ॅलर्जी होण्याचा धोका कमी होतो. अंडं पूर्ण शिजवलेलं, शेंगदाणा गुळगुळीत वाटून पातळ केलेला. अख्खा दाणा कधीच नाही, घशात अडकतो. इसब तीव्र असेल किंवा दुधाचा त्रास लगेच होणारा असेल तर हे दोन देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

पाकिटं वाचताना हे शब्द म्हणजे दूध: केसीन, केसिनेट, व्हे, लॅक्टअल्ब्युमिन, लॅक्टोग्लोब्युलिन, मिल्क सॉलिड्स, स्किम्ड मिल्क पावडर, बटर, बटरमिल्क. हे शब्द म्हणजे दूध नाही: लॅक्टिक अ‍ॅसिड, कोको बटर, लेसिथिन. "नॉन-डेअरी" लिहिलेल्या क्रीमर पावडरींतही केसिनेट असू शकतं, म्हणून पुढच्या मोठ्या अक्षरांवर जाऊ नका, मागची यादी वाचा. घटक न सांगता बदलतात, त्यामुळे नेहमीचं पाकीटही दर वेळी उलटून बघावं लागतं.

खाण्याबाहेरच्या वस्तूंवरही नजर ठेवा. दुधाचं प्रथिन घातलेली बेबी लोशनं इसब असलेल्या, फाटक्या त्वचेवर मुळीच नकोत. आणि ज्याने नुकतंच दही खाल्लंय अशा माणसाने गालाचा पापा घेतला की नेमक्या तिथेच ओठांच्या आकाराचा लाल चट्टा उठतो. बाळ त्याने फारसं आजारी पडत नाही, पण तोंड पुसून मग पापा, हा नियम घरात लावायला हरकत नाही. पाळणाघरात आणि सांभाळणाऱ्या प्रत्येकाला कागदावर लिहून द्या: काय चालत नाही, काय झालं तर काय करायचं. तोंडी सांगितलेलं "एक चमच्याने काय होतंय" पुढे टिकत नाही.

## टप्पा ८: वजन आणि कॅल्शियम

महिन्या-दीड महिन्याने वजन आणि लांबी आलेखावर मांडा. एकाच आकड्याकडे न बघता रेषेची दिशा बघा. रेषा खाली वळू लागली तर आहारतज्ज्ञाकडे जा. वरचं अन्न सुरू झाल्यावरही खास फॉर्म्युला वर्षापर्यंत दिवसाला साधारण ५०० ते ६०० मि.लि. पोटात जायला हवा. याहून कमी होत असेल तर कॅल्शियमबद्दल विचारा. अंगावर पिणाऱ्या बाळाला ड जीवनसत्त्वाचे ४०० युनिटचे थेंब रोज लागतात, अ‍ॅलर्जी असो वा नसो.

## टप्पा ९: दुधाकडे परत

बहुतेक मुलांची ही अ‍ॅलर्जी जाते. उशिराची लवकर, बऱ्याचदा तीन वर्षांच्या आत. लगेच होणारी सावकाश, कधी शाळेच्या वयापर्यंत. म्हणून किमान ६ महिने दूध बंद ठेवून, बाळ ९ ते १२ महिन्यांचं झाल्यावर पुन्हा तपासतात. सौम्य, उशिराच्या प्रकारात यासाठी "मिल्क लॅडर" म्हणजे पायऱ्या वापरतात:

१. थोडं दूध घालून खरपूस भाजलेलं बिस्किट
२. ओव्हनमध्ये भाजलेला मफिन
३. पॅनकेक
४. चीज
५. दही
६. साधं दूध किंवा फॉर्म्युला

क्रमामागचं कारण समजून घ्या, म्हणजे तो मोडावासा वाटणार नाही. जास्त वेळ, कोरड्या आणि कडक उष्णतेत, गव्हाच्या पिठात मिसळून भाजलं की दुधातल्या काही प्रथिनांचा आकार बिघडतो आणि शरीर त्यांना कमी ओळखतं. पायरीगणिक उष्णता कमी होते आणि दुधाचं प्रमाण वाढतं. यातूनच दुसरी गल्लत कळते: घरी उकळलेलं दूध म्हणजे भाजलेलं दूध नव्हे. उकळल्याने केसीनला फारसा धक्का लागत नाही. पहिल्या पायरीच्या जागी उकळलेलं दूध देणं म्हणजे थेट शेवटच्या पायरीवर उडी.

पहिल्या पायऱ्यांचे पदार्थ घरी करा. विकतच्या बिस्किटात दूध किती आणि ते किती भाजलंय, ते कळत नाही. गहू चालत नसेल तर पर्याय आहारतज्ज्ञाकडून घ्या. अगदी छोट्या तुकड्याने सुरू करा, प्रत्येक पायरीवर काही दिवस थांबा, आणि एखादी पायरी पचली की तो पदार्थ आहारात चालू ठेवून पुढे जा. त्रास झाला तर आधीच्या पचलेल्या पायरीवर परत या आणि काही महिन्यांनी पुन्हा प्रयत्न करा. आजारपणात किंवा प्रवासात नवी पायरी नको.

सावधान: लगेच होणाऱ्या प्रकारात, दमा असलेल्या मुलात किंवा एफपीआयईएसमध्ये या पायऱ्या स्वतःच्या मनाने घरी चढू नका. तिथे आधी तपासण्या, मग तज्ज्ञांच्या देखरेखीखाली पहिला घास. अ‍ॅड्रेनलिनचं पेन दिलेलं असेल तर दही-दूध पचू लागलं तरी ते परस्पर काढून टाकू नका. कधी थांबवायचं ते डॉक्टरांना ठरवू द्या, आणि तोवर त्यावरची मुदतीची तारीख बघत राहा.